धुराची जनगणना

मृत्यूच्या दाखल्यावर सिगारेटचे नाव सहसा नसते. फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, वर्षानुवर्षे दम लागून शेवटी झालेला न्यूमोनिया असे काहीतरी डॉक्टर लिहितात, आणि ते खरेच असते. यातला कोणता मृत्यू सिगारेटच्या खात्यावर टाकायचा हे एकेका माणसापुरते ठरवता येत नाही. जन्मात कधी न ओढलेल्यालाही हृदयविकार होतो. फुप्फुसाचा कर्करोगसुद्धा, क्वचित का होईना, होतोच. उलट आयुष्यभर ओढून नव्वदी गाठलेले एखादे आजोबा बहुतेक गावांत सापडतात आणि तंबाखूच्या बाजूने साक्ष द्यायला नेमके त्यांनाच पुढे केले जाते. तरीही सुमारे ५० लाख वस्तीच्या न्यूझीलंडमध्ये धूम्रपानामुळे वर्षाला सुमारे ५,००० माणसे मरतात, असे तिथली सरकारी कागदपत्रे अनेक वर्षे सांगत आली आहेत. दाखले तसे म्हणत नसताना हा आकडा येतो कुठून, हे पाहायला न्यूझीलंडइतकी चांगली जागा जगात फारशी नाही.

याचे कारण, त्या देशाने धूम्रपानाचा प्रश्न थेट जनगणनेत घातला. १९७६ आणि १९८१ साली तो विचारला गेला, मग १९९६, २००६, २०१३, २०१८ आणि २०२३ साली. राजधानी वेलिंग्टनच्या उत्तरेला, बोगद्यांमागून बोगदे पार करत जाणाऱ्या लोकल गाडीच्या शेवटच्या स्टेशनाभोवती जॉन्सनव्हिल हे उपनगर वसले आहे. जनगणना आली की देशातल्या इतर घरांप्रमाणे तिथल्याही घराघरात अर्ज पोचायचा आणि पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाने आपल्यापुरते लिहायचे: रोज निदान एक सिगारेट ओढता का, आणि पूर्वी कधी तशी सवय होती का. एवढेच दोन प्रश्न. बहुतेक देशांत ही माहिती काही हजार घरांच्या नमुना पाहणीतून मिळवतात. भारताच्या जनगणनेतही तंबाखूचा प्रश्न नाही. नमुना पाहणीतून देशाची सरासरी बरी कळते, पण एका उपनगराचे, त्यातल्या चार रस्त्यांचे चित्र तिच्यातून निघत नाही. न्यूझीलंडच्या जनगणनेत रोज ओढणाऱ्यांचे प्रौढांमधले प्रमाण २००६ साली २०.७ टक्के, २०१३ साली १५.१, २०१८ साली १३.२ आणि २०२३ साली ७.७ टक्के निघाले.

ओढणारे किती हे कळले म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे ओढणाऱ्याच्या मृत्यूची शक्यता न ओढणाऱ्याच्या किती पट, हे ठरवणे. हे दोन्ही हाती आले की पुढचे गणित शाळकरी आहे. एका गटात १,००० माणसे आहेत. २०० ओढतात, ८०० ओढत नाहीत. न ओढणाऱ्यांत वर्षाला शंभरी एक मरतो, म्हणजे ८ मृत्यू. ओढणाऱ्यांत मृत्युदर दुप्पट आहे, म्हणजे २०० मध्ये ४. एकूण १२. कोणीच ओढत नसते तर १० झाले असते. म्हणजे १२ पैकी २ मृत्यू, एक षष्ठांश, धूम्रपानाच्या खात्यावर. ते दोघे नेमके कोण, हे कुणीही सांगू शकणार नाही. त्या ४ ओढणाऱ्यांपैकी २ जण तसेही गेले असते. आकडा खरा असतो आणि तरी त्यातल्या एकाही माणसाकडे बोट दाखवता येत नाही, हा या शास्त्राचा स्वभावच आहे. तंबाखू कंपन्यांनी न्यायालयांत अनेक वर्षे याच फटीचा आधार घेतला.

‘दुप्पट’ हा आकडा मात्र शाळकरी गणितातून येत नाही. तो मिळवायला माणसांची सवय आधी विचारून मग वर्षानुवर्षे त्यांच्या मृत्यूची वाट पाहावी लागते. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून १९५० साली फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. डॉक्टर निवडले ही मोठी शक्कल होती: त्यांचे पत्ते वैद्यकीय नोंदणीत असतात, ते उत्तरे नीट लिहितात आणि मेल्यावर त्यांची नोंद हरवत नाही. सुमारे ४०,००० डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांच्यातल्या पुरुषांचा पाठपुरावा पन्नास वर्षे चालला आणि २००४ साली शेवटचा निष्कर्ष आला: तारुण्यापासून ओढत राहिलेला माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो. तिशीत सोडले तर ती दहाही वर्षे जवळपास परत मिळतात, चाळिशीत सोडले तर नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन.

पण ब्रिटिश डॉक्टरांवरून, किंवा अमेरिकन कर्करोग संस्थेने १९८२ पासून तपासलेल्या दहा लाखांहून अधिक अमेरिकनांवरून, दुसऱ्या देशाचा हिशेब करायचा तर एक अडचण येते. आज ओढणारे किती हे माहीत असले तरी आजचे मृत्यू आजच्या सिगारेटचे नसतात; ते वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सिगारेटचे असतात. रिचर्ड पीटो, ॲलन लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यावर एक चतुर तोडगा काढला. ओढणाऱ्यांची शिरगणती बाजूलाच ठेवायची आणि देशातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा मृत्युदर पाहायचा. न ओढणाऱ्यांत तो अगदी कमी असतो, म्हणून जे काही जास्त आहे ते बहुतांशी धुराचे. त्या देशाच्या फुप्फुसांनी आजवर किती धूर पचवला याचा तो मीटरच. मग त्या मापाने हृदयविकार, पक्षाघात, श्वसनरोग यांतला धूम्रपानाचा वाटा काढायचा. ओढणारे लोक दारूही जास्त पितात, गरीबही असतात, म्हणून या इतर रोगांतला जादा धोका खबरदारी म्हणून निम्माच धरायचा. श्रीमंत देशांचे जे राष्ट्रीय आकडे छापले जातात, त्यातले पुष्कळ या पद्धतीने निघालेले असतात. न्यूझीलंडचेही अनेक वर्षे तसेच निघाले.

परक्या माणसांचे प्रमाण आपल्या लोकांना लावणे ही मात्र सगळ्या इमारतीतली कच्ची वीट. वेलिंग्टनमधल्या ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागातले टोनी ब्लेकली आणि त्यांच्या गटाने ती बदलायचे ठरवले. जनगणनेत प्रत्येकाने आपली सवय लिहिलीच आहे. पुढच्या तीन वर्षांतले मृत्यू सरकारदरबारी नोंदलेले आहेत. ही दोन दप्तरे एकमेकांना जोडली की झाले. जोडणी नावावरून करायची नव्हती. लिंग, जन्मतारीख, वंश, जन्माचा देश आणि राहण्याचा लहानसा विभाग एवढ्यावरून संगणकाने जोड्या लावायच्या होत्या. जनगणनेचे हे सर्वांत लहान विभाग शे-दीडशे माणसांचे असत, म्हणजे जॉन्सनव्हिलमधले जेमतेम एक-दोन रस्ते. त्यात एकाच दिवशी जन्मलेली, एकाच लिंगाची दोन माणसे क्वचितच सापडणार. तरीही सगळे मृत्यू जुळले नाहीत. साधारण तीन-चतुर्थांश जुळले. जे मधल्या काळात घर बदलून गेले ते सुटले, आणि घर वारंवार बदलणारे म्हणजे बहुधा भाड्याने राहणारे, तरुण आणि गरीब. म्हणून जुळलेल्या मृत्यूंना वजन देऊन ही तूट भरून काढावी लागली. १९८१ आणि १९९६ या दोन्ही जनगणनांत सिगारेटचा प्रश्न होता, त्यामुळे पंधरा वर्षांच्या अंतराने दोन चित्रे शेजारी ठेवता आली.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या, दोन्ही अनपेक्षित. पहिली अशी की धूम्रपानाचा धोका काळाबरोबर वाढला होता. बहुसंख्य युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत ओढणाऱ्यांचा मृत्युदर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला न ओढणाऱ्यांच्या सुमारे दीडपट होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी तो सुमारे दुप्पट झाला. सिगारेट जास्त जहरी झाली असे याचे कारण नाही. त्या काळात हृदयविकाराचे मृत्यू सगळीकडे घटत होते, पण न ओढणाऱ्यांना त्या सुधारणेचा लाभ भरभरून मिळाला आणि ओढणाऱ्यांना कमी. शिवाय १९९६ चे ओढणारे अधिक लहान वयापासून, अधिक वर्षे ओढत आलेले होते. म्हणजे ‘किती पट’ हे माप सिगारेटबद्दल जितके सांगते तितकेच सिगारेट नसलेल्या आयुष्याबद्दलही सांगते.

दुसरी गोष्ट न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांबद्दलची. २००६ सालीसुद्धा माओरी प्रौढांपैकी ४२ टक्के रोज ओढत होते, म्हणजे देशाच्या सरासरीच्या दुप्पट. माओरी स्त्रियांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. तेव्हा त्यांच्यात ओढणारा आणि न ओढणारा यांतला फरक सर्वांत मोठा दिसेल असे वाटणे साहजिक होते. निघाला तो कमी: सुमारे दीडपट. कारण कधीही न ओढलेल्या माओरींचाच मृत्युदर मुळात जास्त होता. पाया उंच असला की त्यावरची ‘पट’ लहान दिसते. अमेरिकेचे प्रमाण डोळे मिटून माओरींना लावले असते तर त्यांच्या अकाली मृत्यूंचे मोठे ओझे सिगारेटच्या माथी मारले गेले असते, आणि भाड्याची ओल धरलेली घरे, कमी मजुरी, उशिरा मिळणारे उपचार ही कारणे अलगद सुटली असती. याच गटाने पुढे माओरी आणि इतर यांच्या मृत्युदरांतली दरी कशाने पडते हे तपासले, तेव्हा धूम्रपानाचा वाटा अनेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच लहान आणि उत्पन्न, शिक्षण, काम यांचा वाटा कितीतरी मोठा निघाला. धूम्रपान सोडवले की विषमता आपोआप मिटेल, ही सरकारांना सोयीची समजूत यात टिकत नाही.

जनगणनेचा सर्वांत सुंदर उपयोग मात्र न ओढणाऱ्यांवर झाला. दुसऱ्याच्या धुराने काय होते हे तपासायचे तर सहसा न ओढणाऱ्याला विचारतात की घरात कोण ओढते, किती ओढते. आणि आजारी माणूस या प्रश्नाचे उत्तर निरोगी माणसापेक्षा वेगळे देतो. जनगणनेत हा घोळ नाही. एकाच घरातल्या प्रत्येकाने स्वतःपुरते लिहिलेले असते, तेही आजार येण्याच्या आधी. म्हणून स्वतः कधी न ओढलेला, पण ओढणाऱ्याच्या घरात राहणारा माणूस त्या अर्जांतून आपोआप उभा राहतो. ४५ ते ७४ वयाच्या अशा लोकांचा मृत्युदर धूररहित घरांतल्या न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त आहे, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षी १० डिसेंबरपासून न्यूझीलंडमधल्या बार आणि उपाहारगृहांत धूम्रपान बंद झाले. घरात मात्र कायदा जात नाही.

मृत्यू मोजले की नुकसान मोजले असेही नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी गेलेला आणि पंचावन्नाव्या वर्षी गेलेला, दोघेही मृत्यूच्या यादीत एकेकच. म्हणून १९९० च्या दशकापासून क्रिस्टोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांच्या पद्धतीने गमावलेली वर्षे मोजतात: अकाली मृत्यूने बुडालेली वर्षे, शिवाय आजारपणात काढलेली वर्षे, तीही आजाराच्या तीव्रतेनुसार कमी-जास्त धरून. चार पायऱ्या चढल्या की धाप लागणारा, ऑक्सिजनच्या नळीला बांधलेला माणूस अजून मेलेला नसतो. मृत्यूच्या यादीत तो दिसत नाही, या हिशेबात दिसतो. २००६ या वर्षासाठी न्यूझीलंडच्या आरोग्य मंत्रालयाने असा हिशेब मांडला, तेव्हा देशाच्या एकूण आरोग्यहानीपैकी सुमारे ९ टक्के तंबाखूमुळे असल्याचे निघाले. कोणत्याही एका जोखीमघटकाचा वाटा त्याहून मोठा नव्हता.

पैशातला हिशेब सर्वांत निसरडा. उपचारांचा खर्च धरायचा, बुडालेले काम धरायचे, सिगारेटवरचा कर जमेला धरायचा की नाही यावर वाद घालायचा, आणि शेवटी आकडा मांडणाऱ्याच्या हेतूप्रमाणे तो निघतो. २००१ साली एका सल्लागार कंपनीने फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीसाठी चेक प्रजासत्ताकाचा असा हिशेब केला आणि माणसे लवकर मेल्याने सरकारचे निवृत्तिवेतन, घरे आणि उपचार यांवरचे पैसे वाचतात, असे लाभाच्या रकान्यात लिहिले. गदारोळ झाला आणि फिलिप मॉरिसला माफी मागावी लागली. बेरीज-वजाबाकी बहुधा बरोबरच असावी. फक्त मेलेल्या माणसांनी न जगलेली वर्षे कोणाच्याच रकान्यात नव्हती.

जॉन्सनव्हिल आणि त्याच्या आसपासच्या उपनगरांत भारतीय कुटुंबे बरीच आहेत, त्यांत मराठीही. त्यांच्यापुरते पाहिले तर जनगणनेच्या प्रश्नाची एक उणीव लगेच डोळ्यांत भरते: तो फक्त सिगारेटपुरता होता. गावाहून मुलाकडे येऊन राहिलेली आजी रोज सकाळी मशेरी लावत असेल, तर अर्जावर ती कधीही धूम्रपान न केलेली. चघळायच्या तंबाखूची विक्री न्यूझीलंडमध्ये कायद्याने बंद आहे, त्यामुळे तिथल्या आकडेवारीला या सवयीची दखल घ्यायची गरज पडलेली नाही. शिवाय सरकारी तक्त्यांत पुष्कळदा ‘आशियाई’ असा एकच रकाना असतो. चिनी पुरुष, कोरियन पुरुष आणि मराठी स्त्रिया यांच्या सवयींत जमीन-अस्मानाचा फरक. सगळ्यांची सरासरी कोणालाच लागू पडत नाही.

महाराष्ट्रात तर धुरावरून मोजणीच चुकते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के, २४.४ टक्के लोक तोंडातून वापरणारे, म्हणजे तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा. काही जण दोन्ही करणारे. इथे न्यूझीलंडचे दोन प्रश्न विचारले असते तर महाराष्ट्र जगातल्या सर्वांत निरोगी प्रदेशांत गणला गेला असता. फुप्फुसाच्या कर्करोगाचा मीटरही इथे फसवा, कारण इथला तंबाखू आधी तोंड आणि घसा धरतो. मृत्यूचे कारण डॉक्टरांनी लिहिलेले असेल याचीही खात्री नाही. अनेक मृत्यू घरीच होतात.

म्हणून इथले अभ्यास वेगळ्या वाटेने गेले. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मुंबईच्या मतदार याद्या हाती घेतल्या आणि घरोघरी जाऊन सुमारे दीड लाख लोकांच्या सवयी नोंदवल्या. काही वर्षांनी त्याच घरांची दारे पुन्हा ठोठावून कोण गेले ते विचारले. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्युदर तंबाखू न वापरणाऱ्यांच्या सुमारे १.६ पट निघाला, सिगारेट ओढणाऱ्यांचा सुमारे १.४ पट. बिडी लहान, पानात वळलेली, म्हणून सौम्य, हा समज तिथेच संपायला हवा होता. पुढे प्रभात झा, गुप्ता आदींनी देशभरातल्या ११ लाख घरांत झालेल्या मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. कार्यकर्त्यांनी घरच्यांना बसवून विचारले: ताप होता का, खोकल्यातून रक्त पडत होते का, छातीत दुखले तेव्हा घाम आला का, आणि ते ओढत होते का. या जबान्यांवरून डॉक्टरांनी कारण ठरवले. २०१० च्या दशकात भारतात धूम्रपानाने वर्षाला सुमारे १० लाख मृत्यू होतील असा अंदाज त्यातून निघाला, आणि त्यात क्षयरोगाचा वाटा मोठा होता. ब्रिटिश डॉक्टरांच्या यादीत क्षयाला असे स्थान नव्हते. धूर तोच, पण ज्या देशात जो रोग दबा धरून बसलेला असतो त्यालाच तो हात देतो.

न्यूझीलंडने २०११ साली जाहीर केले की २०२५ पर्यंत देश जवळपास धूम्रपानमुक्त करायचा. याचा अर्थ पुढे ५ टक्क्यांहून कमी असा घेतला गेला. सिगारेटवरचा कर २०१० पासून दहा वर्षे दरवर्षी चढत गेला. २०२२ च्या कायद्याने सिगारेटमधले निकोटीन जवळपास काढून टाकणे, सुमारे ६,००० विक्रेत्यांचे ६०० वर आणणे आणि १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सिगारेट कधीच न विकणे असे तीन उपाय ठरले. नव्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, ते लागू होण्याआधीच, ते रद्द केले. या उपायांनी किती वर्षे वाचली असती याचे अंदाज त्याच जनगणना-मृत्यू जोडणीतून आलेल्या प्रमाणांवर उभे होते. राष्ट्रीय आरोग्य पाहणीत रोज ओढणाऱ्यांचे प्रमाण आता सुमारे ७ टक्के आहे. माओरींत सुमारे १५ टक्के. वेपिंग त्याच काळात वेगाने वाढले आणि त्याचा मृत्यूंतला हिशेब मांडायला अजून काही दशके जावी लागतील. सिगारेटचेही मागचे देणे फिटलेले नाही: १९८० आणि १९९० च्या दशकांत ओढलेल्या सिगारेटींचे मृत्यू अजून नोंदवले जात आहेत.

मोजण्याचे साधन मात्र झिजत चालले आहे. २०१८ च्या जनगणनेत जेमतेम ८३ टक्के लोकांनी अर्ज भरले, माओरींपैकी ६८ टक्क्यांनी. वय, लिंग, पत्ता अशी माहिती सरकारच्या इतर दप्तरांतून भरून काढता आली. सिगारेट ओढता का, याचे उत्तर कर खात्याकडे नसते, आणि ज्यांचे अर्ज आले नाहीत त्यांच्यातच ओढणारे जास्त असण्याची शक्यता. जून २०२५ मध्ये सरकारने घरोघरची जनगणनाच बंद करायचे जाहीर केले. २०३० पासून लोकसंख्येची माहिती सरकारी नोंदी आणि लहान वार्षिक पाहणी यांतून गोळा होणार आहे. आरोग्य पाहणी दरवर्षी काही हजार प्रौढांची होते. तिच्यातून देशाचा टक्का निघेल, माओरींचा निघेल, वेलिंग्टन विभागाचाही ढोबळमानाने निघेल. जॉन्सनव्हिलचा निघणार नाही.